किती खारं, किती वेळ आणि कोणत्या वयात?

मत्स्यपेटीच्या दुकानात मासे दोनच प्रकारचे असतात, ‘फ्रेश’ आणि ‘मरीन’. फ्रेशच्या टाक्या पुढे आणि स्वस्त, मरीनच्या आत, निळ्या दिव्याखाली आणि महाग. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात जा नाहीतर पुण्या-नाशिकच्या गल्लीतल्या एखाद्या दुकानात, मांडणी हीच. खाडीकाठच्या माणसाला ही वाटणी पटायची नाही. त्याच्या दारातलं पाणी उधाणाच्या भरतीला खारं, ओहोटीला मचूळ आणि आषाढात पूर आला की जवळजवळ गोडं होतं. त्याच पाण्यात बोयटं, निवट्या, कालुंदर आणि जिताडे नांदतात. गंमत म्हणजे अशाच खाड्यांमधले काही मासे, उदाहरणार्थ स्कॅट, मोनो किंवा हिरवा ठिपक्यांचा पफर, दुकानातल्या फ्रेशच्या टाकीत गोल्डफिशच्या शेजारी पोहताना दिसतात. आज ते जिवंत आहेत, हे खरं. दोन वर्षांनी असतील का, हा प्रश्न वेगळा. मासा खारटपणा ‘सोसतो’ असं आपण म्हणतो तेव्हा या दोन प्रश्नांची सरमिसळ करतो.

आधी साधा हिशोब पाहू. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात बहुधा अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. मासा नदीतला असो वा समुद्रातला, हाडं असलेल्या जवळजवळ सगळ्या माशांच्या रक्ताचा खारटपणा मात्र समुद्राच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे लिटरमागे ९ ते १२ ग्रॅम मिठाइतका असतो. थोडक्यात, नदीतला मासा भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतो आणि समुद्रातला मासा भोवतालच्या पाण्यापेक्षा अळणी. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तोच नियम कल्ल्यांना लागू आहे. प्राणवायू घ्यायचा तर कल्ल्याची त्वचा पातळ हवी, आणि पातळ त्वचेतून पाणी आणि क्षार आपल्या वाटेने जात-येत राहणारच.

नदीतल्या माशाच्या अंगात पाणी सतत झिरपतं. तो ते पातळ लघवीवाटे भरपूर बाहेर टाकतो आणि निसटलेले क्षार कल्ल्यांतून आणि खाण्यातून परत मिळवतो. समुद्रातल्या माशाचं उलटं आहे. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्र पितो. त्यासोबत आलेलं मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो, मॅग्नेशियम आणि सल्फेट मूत्रपिंडातून काढतो, आणि लघवी करतो ती अगदी थोडी. पाण्यात राहूनही त्याला तहान असते.

हे सारं उलगडलं ते प्रामुख्याने गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात. होमर स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३० साली दाखवून दिलं की समुद्री मासे खरोखरच पाणी पितात. १९३२ साली अँसेल कीज आणि एडवर्ड विल्मर यांनी ईलच्या कल्ल्यात मीठ बाहेर टाकणाऱ्या खास पेशी शोधल्या. हे कीज म्हणजे पुढे आहारातली चरबी आणि हृदयविकार यांच्या अभ्यासामुळे जगभर गाजलेले तेच गृहस्थ. माशांकडून माणसांच्या ताटाकडे जाताना त्यांनी मिठाचा प्रश्न मागे सोडला, पण पाया घालून गेले. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी त्याच दशकात गोड्या पाण्यातले प्राणी विरळ पाण्यातूनही क्षार कसे ओढून घेतात ते मांडलं. कल्ल्यांतल्या या पेशींचं इंजिन म्हणजे सोडियम आणि पोटॅशियमची अदलाबदल करणारं एक प्रथिन. ते येन्स स्कू यांना १९५७ साली सापडलं ते खेकड्याच्या पायांतल्या मज्जातंतूंत, आणि त्याबद्दलचं नोबेल मिळायला १९९७ उजाडलं.

मत्स्यपेटी ठेवणाऱ्याच्या दृष्टीने यापुढची पायरी जास्त कामाची आहे. काही मासे दोन्ही पाण्यांत राहू शकतात याचा अर्थ त्यांच्याकडे दोन्ही यंत्रणा सदैव चालू असतात असा नाही. एक बंद करून दुसरी उभी करावी लागते. १९५९ साली ग्रेस पिकफर्ड आणि जॉन फिलिप्स यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ममिचॉग या किलीफिशची पीयूष ग्रंथी काढून टाकली. असा मासा गोड्या पाण्यात मरायचा, पण प्रोलॅक्टिन दिलं की तगायचा. सस्तन प्राण्यांत दुधाशी जोडलेलं हे संप्रेरक माशात गोड्या पाण्यात जगण्याचं काम करतं. खाऱ्या पाण्यासाठी कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक पुढे येतात. खारटपणा बदलला की पहिले काही तास किंवा एखाद-दुसरा दिवस रक्तातल्या क्षारांचा तोल ढळतो, मग कल्ल्यांतल्या पेशींची नवी फौज तयार होते. त्यात कित्येक दिवस जातात. म्हणून ‘हा मासा समुद्राचं पाणी सोसतो’ या वाक्याला ‘किती दिवसांत तिथवर नेल्यावर’ ही पुरवणी जोडल्याशिवाय अर्थ नाही. पिशवीतला मासा थेट खाऱ्या टाकीत सोडून तो मेला म्हणजे त्याची कुवत नव्हती असं ठरत नाही, त्याला वेळ मिळाला नाही एवढंच ठरतं.

सहनशक्तीची दोन टोकं सारखी नसतात, हेही फारसं कुणी सांगत नाही. गोल्डफिशसारखा निव्वळ गोड्या पाण्यातला मासा हळूहळू खाऱ्याकडे नेला तर साधारण लिटरमागे १० ग्रॅमपर्यंत, म्हणजे स्वतःच्या रक्ताच्या पातळीपर्यंत, टिकतो. त्यापुढे मीठ बाहेर टाकण्याची सोयच त्याच्याकडे नाही. उलट प्रवाळातल्या बऱ्याच समुद्री माशांना लिटरमागे १४ ग्रॅमपर्यंत खाली आणलं तरी ते आठवडेच्या आठवडे ठीक राहतात, कारण आपण त्यांना त्यांच्या रक्ताच्या जवळ आणत असतो, दूर नेत नसतो. क्रिप्टोकॅरियॉन या पांढऱ्या ठिपक्यांच्या समुद्री रोगावर पाणी विरळ करून करायचा उपचार या तफावतीवरच उभा आहे. मात्र त्या टाकीत प्रवाळ, कोळंबी किंवा शंख असतील तर ते मरतात, कारण त्यांच्या अंगातलं पाणी समुद्राइतकंच खारं असतं आणि ते बदलण्याची ताकद त्यांच्यात नसते. मुशी आणि पाकट यांचं गणित आणखी निराळं आहे. ते रक्तात युरिया साठवून समुद्राशी बरोबरी साधतात. तरी बुल शार्क नद्यांत शिरतोच, आणि दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांच्या पाकटांनी युरिया साठवण्याची सवयच सोडून दिली आहे.

आता एकेक मासा पाहू. सर्वांत ओळखीची मॉली. मेक्सिको आणि आसपासच्या किनाऱ्यांवरचा हा मासा गोड्या पाण्यापासून भर समुद्रापर्यंत कुठेही राहतो, पिल्लंही देतो. नवी समुद्री टाकी ‘पिकवायला’ मरीन छंदिष्ट मॉली सोडतात ते यासाठीच. तरीही आपल्याकडे ‘मॉली टिकत नाही’ ही तक्रार घरोघर ऐकू येते. पंख मिटून जागच्या जागी डुलणारी मॉली ज्याने पाहिली नाही असा छंदिष्ट विरळा. यावर ठरलेला सल्ला: चमचाभर मीठ टाका. माझ्या मते इथे मिठाला नको ते श्रेय मिळालं आहे. मुंबईचं पाणी पावसाच्या तलावांचं, मृदू. कॅल्शियम कमी असलं की कल्ल्यांच्या पेशींमधले सांधे सैल पडतात आणि क्षार गळू लागतात. मॉलीला हवा असतो तो पाण्याचा जडपणा. साधं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, त्यात कॅल्शियम नसतं. मरीन टाकीसाठी मिळणाऱ्या समुद्री मिठाच्या मिश्रणात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सगळं असतं, म्हणून त्याने गुण येतो आणि नाव मिठाचं होतं. दख्खनच्या पठारावर बोअरच्या जड पाण्यात कणभर मीठ न टाकता मॉली सुखाने वाढतात. मुंबईत गाळणीत शिंपल्यांचे तुकडे ठेवले तरी बरंच काम होतं.

याउलट कथा काचमाशाची, म्हणजे ग्लासफिशची. जुन्या पुस्तकांनी तो मचूळ पाण्यातला ठरवला आणि पिढ्यानपिढ्या त्याच्या टाकीत मीठ पडत राहिलं. प्रत्यक्षात हा भारतातल्या नद्या-तळ्यांचा, भातखाचरांचा मासा. थोडं मीठ तो चालवून घेतो, पण त्याला त्याची गरज नाही. त्याच्या पारदर्शक अंगात सुईने रंग भरून ‘पेंटेड’ म्हणून विकण्याचा निर्दय धंदाही चालत आला आहे. तसे मासे विकणाऱ्या दुकानातून मीठसुद्धा घेऊ नये.

स्कॅट आणि मोनो यांच्या बाबतीत वय हा मुद्दा येतो. त्यांची पिल्लं खाडीच्या आतल्या भागात, अगदी गोड्या पाण्यातही सापडतात, आणि दुकानात येतात ती हीच, रुपयाच्या नाण्याएवढी. मोठी होतील तशी ती खाडीच्या मुखाकडे आणि समुद्राकडे सरकतात. घरच्या टाकीला मुख नसतं. मग वर्षा-दोन वर्षांनी थाळीएवढा व्हायला हवा तो स्कॅट खुरटतो, कातडीवर चट्टे येतात, बुरशी धरते, आणि मालक औषधांच्या बाटल्या बदलत बसतो. रोग खरा असतो, पण तो शेवटी येतो. त्याआधी कित्येक महिने मासा नको त्या पाण्यात ताकद खर्च करत असतो.

हिरव्या ठिपक्यांच्या पफरबद्दल प्रयोगशाळा आणि छंदिष्ट यांचं जमत नाही. हा प्राणी विज्ञानात मोठा, २००४ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि कणा असलेल्या प्राण्यांत तो सर्वांत आटोपशीर संचांपैकी एक निघाला. गोड्यातून थेट समुद्राच्या पाण्यात टाकला तरी तो जगतो, असं प्रयोग सांगतात. छंदिष्ट सांगतात की गोड्या पाण्यात ठेवलेला पफर लवकर जातो आणि मोठा झाल्यावर त्याला बऱ्यापैकी खारं पाणीच मानवतं. दोघंही खरं बोलत आहेत. प्रयोग दिवस आणि आठवडे मोजतो. घरातल्या टाकीत वर्षं मोजली जातात, फक्त तिथे तुलनेला दुसरी टाकी नसते. निवड करायची वेळ आली तर मी वर्षं मोजणाऱ्याचं ऐकेन. आठाच्या आकड्याची खूण असलेला दुसरा पफर मात्र हलक्या मचूळ पाण्यावर भागवतो. आर्चर आणि चिमुकला बंबलबी गोबी यांचंही तसंच.

आपल्या किनाऱ्यावरचा कालुंदर या यादीत सर्वांत समजूतदार म्हणावा लागेल. शास्त्रीय नावात सुरत आलं असलं तरी हा मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेचा. केरळने २०१० साली त्याला, म्हणजे करिमीनला, राज्यमासा केलं. तो गोड्या तळ्यातही वीण घालतो आणि मचूळ पाण्यातही. गोव्यातल्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, मानशीच्या दारांतून भरतीचं पाणी आत-बाहेर होतं, पावसाळ्यात तिथेच भात उभं राहतं, आणि त्या चढउतारातही कालुंदर टिकून असतो. त्याचा छोटा नारिंगी भाऊबंद, ऑरेंज क्रोमाइड, कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, आणि संधी मिळाली तर त्याची अंडीही. घरच्या टाकीला हा छोटाच बरा, कारण कालुंदर वीतभर सहज होतो.

जिताडा काचपेटीचा मासा नव्हे, पण सोसणं आणि नांदणं यांतला फरक त्याच्याइतका स्वच्छ कुणी दाखवत नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात पावसाळ्यात खाडीतली पिल्लं धरून गावतळ्यात सोडण्याची जुनी रीत आहे. गोड्या पाण्यात जिताडा वाढतो, माजतो, पाहुण्यांसाठी राखला जातो. पण त्या तळ्यात त्याची वीण होत नाही, त्यासाठी त्याला खाडीच्या मुखाचं खारं पाणीच लागतं. अंगावर मांस आहे म्हणजे सगळं आलबेल आहे असं नसतं. निवट्यांचं सांगायचं तर त्यांना मचूळ पाण्यापेक्षाही चिखल आणि कोरडी जागा जास्त हवी, आणि बहुतेक लोक त्यांना ती देत नाहीत.

सहनशक्तीत सर्वांच्या वरचढ ते किलीफिश आणि तिलापिया. वर आलेला ममिचॉग समुद्राच्या तिप्पट खारटपणातही टिकतो. १९७३ साली स्कायलॅब या अंतराळस्थानकावर नेलेला, अंतराळात गेलेला पहिला मासा तोच. भारतात १९५२ साली आणलेला मोझांबिक तिलापिया, आपली चिलापी, याच जातकुळीचा. जी गोष्ट प्रयोगशाळेत कौतुकाची ठरते तीच नदीत आणि खाडीत डोकेदुखी होते. असा मासा कंटाळा आला म्हणून ओढ्यात सोडणं हा गुन्हाच समजावा.

‘गोडं’ पाणी म्हणजे तरी एकच कुठे असतं? कार्डिनल टेट्रा येतो तो रिओ निग्रोच्या काळ्या, जवळजवळ क्षारविरहित पाण्यातून. त्याचे कल्ले विरळ पाण्यातला कणन्‌कण सोडियम वेचतात. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचं पाणीही गोडंच, पण जड आणि अल्कधर्मी, सामू ९ च्या जवळपास. या दोघांना एका टाकीत ठेवून ‘दोघंही फ्रेशचेच’ म्हणणं व्यर्थ आहे. अशा सरोवरांतल्या आफ्रिकन सिक्लिड माशांसाठी मिळणारं ‘सॉल्ट’ म्हणजे मुख्यतः कार्बोनेटं आणि मॅग्नेशियमचे क्षार. त्याऐवजी खाण्याचं मीठ ओतणाऱ्यांची संख्या कमी नाही.

मीठ औषध म्हणून मात्र खरोखर उपयोगी आहे, आणि त्याची कारणंही आता स्पष्ट आहेत. नव्या टाकीत नायट्राइट वाढलं की गोड्या पाण्यातला मासा ते क्लोराइडच्या दारानेच आत घेतो. पाण्यात क्लोराइड जास्त असलं की दार अडतं. समुद्री माशांना नायट्राइटचा त्रास फारसा होत नाही तो यामुळेच. गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर लिटरमागे २ ते ३ ग्रॅम मीठ काही दिवस ठेवणं हा जुना आणि चांगला उपाय आहे. प्रवासात घाबरलेल्या माशाचे क्षार गळतात, तेव्हाही थोडं मीठ त्याचं ओझं हलकं करतं. पण रोज, कायम, ‘बरं असतं म्हणून’ चमचाभर मीठ टाकण्यामागे काही कारण नाही. झाडं पिवळी पडतात, लोच आणि कॅटफिश अस्वस्थ होतात, आणि एवढ्याने पाणी मचूळही होत नाही. चार-पाच लिटरला एक चमचा म्हणजे लिटरमागे जेमतेम एक-दीड ग्रॅम. स्कॅटला त्याने काहीच फरक पडत नाही, पडतो तो मालकाच्या मनाला.

मचूळ टाकी करायचीच असेल तर समुद्री मिश्रण घ्यावं आणि मोजावं. विशिष्ट गुरुत्व १.००५ म्हणजे लिटरमागे साधारण ७-८ ग्रॅम, १.०१० म्हणजे १४ च्या आसपास, आणि १.०२६ म्हणजे समुद्र. तरंगणारा स्वस्त हायड्रोमीटर चालतो, पण रिफ्रॅक्टोमीटर बरा. आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त बदल करू नये. यात माशापेक्षा गाळणीतले जिवाणू नाजूक असतात. खारटपणा झपाट्याने बदलला की त्यांचं काम थंडावतं, अमोनिया साचतो, आणि खाऱ्या पाण्याचा सामू जास्त असल्यामुळे तो अमोनिया अधिक विषारी ठरतो. अशा वेळी मासा मेला की लोक मिठाला दोष देतात. उन्हाळ्यात वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. तेव्हा हवेचा पंप बंद ठेवायचा नाही.

बऱ्याच जाती मधल्या खारटपणात चांगल्या वाढतात असं मत्स्यशेतीतल्या अभ्यासांत दिसून आलं आहे, आणि रक्ताशी बरोबरी साधली की तोल सांभाळण्याचं काम कमी होतं, हे कारणही पटण्यासारखं आहे. पण त्यावरून सगळ्यांनाच मचूळ पाण्यात ठेवावं असा निष्कर्ष काढणारे लेख वाचले की हसू येतं. वाढीचा वेग हा विक्रेत्याचा हिशोब. कार्डिनलला त्याची नदी हवी आणि क्लाउनफिशला समुद्र.

दुकानात पुढच्या वेळी रुपयाएवढा ठिपक्यांचा स्कॅट किंवा डोळे फिरवणारा पफर आवडला, तर विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: आता तो किती खारटपणाच्या पाण्यात आहे, पूर्ण वाढल्यावर त्याला किती लागेल, आणि तेव्हा तो केवढा असेल. उत्तर ‘सगळं चालतं’ असं आलं तर मासा तिथेच ठेवा आणि मॉलीची जोडी घेऊन घरी या. मॉलीला खरंच बरंच काही चालतं, फक्त पाणी जड हवं.